हीट पंप म्हणतो ७२, सासूबाई म्हणतात गारठा

ओसरी | ११ जानेवारी २०२६, २१:१२

बॉस्टनच्या पश्चिमेला तासाभरावर आमचं घर. १९८४ सालचं, लाकडी, दोन मजली. तळघरातला तेलाचा बॉयलर ऑक्टोबरात काढला आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा, उलटा चालणारा एसीच म्हणा) बसवला. बाहेर एक मोठं युनिट, आत भिंतीवर चार: बैठकीत, आमच्या खोलीत, लेकाच्या खोलीत आणि सासूबाईंच्या खोलीत. डक्ट, म्हणजे घरभर हवा नेणारे पाइप, नाहीत. बसवणारा म्हणाला होता, "चार झोन, प्रत्येक खोलीला हवं ते तापमान." ऐकूनच ऊब आली होती.

आता परिस्थिती अशी. बैठकीतल्या रिमोटवर ७२. युनिट गपगार, मधूनच एक सुस्कारा टाकतं. आणि समोरच्या सोफ्यावर सासूबाई शाल, शालीवर स्वेटर आणि पायांत मोज्यांचे दोन जोड घालून बसलेल्या. त्यांचं म्हणणं, "तुमचं यंत्र खोटं बोलतं."

उलट त्यांच्या स्वतःच्या खोलीतलं युनिट त्या बंद करून झोपतात, तरी रात्री दोनला खोली ७८ होते. मग साताऱ्याहून आलेली ७१ वर्षांची बाई उठून खिडकी उघडते. बाहेर उणे १२ सेल्सिअस.

बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सिस्टिम बरोबर चालली आहे. हवे असतील तर चारही खोल्यांत भिंतीवरचे थर्मोस्टॅट (तापमान मोजून यंत्राला हुकूम देणारी डबी) लावून देतो, मिळून दोन हजार डॉलर. करसवलतीत मिळालेले २००० इथेच परत जाणार असं दिसतंय. (ती सवलत ३१ डिसेंबरला संपली, आम्ही थोडक्यात वाचलो.)

प्रश्न: थर्मोस्टॅट लावून खरंच फरक पडेल का? कुणी लावलेत का? की मुळात दुखणं वेगळंच आहे?

चिंचपोकळी | ११ जानेवारी, २१:३०

ओसरीताई, आधी सेल्सिअसमध्ये सांगा. ७२ वाचून मला वाटलं चहा ठेवलाय.

गोधडीवाला | ११ जानेवारी, २१:३४

सासूबाईंना गोधडी द्या. धागा बंद करा.

ओसरी | ११ जानेवारी, २१:४१

@चिंचपोकळी, ७२ फॅरनहाइट म्हणजे २२ च्या किंचित वर. ७८ म्हणजे साडेपंचवीस.
@गोधडीवाला, दिली आहे. बैठकीत ती अंगावर असते आणि रात्री खोलीत लाथेने खाली.

व्हीआरएफ_वाला | ११ जानेवारी, २२:२०

मी पुण्यात ऑफिसांमधून व्हीआरएफ (बाहेरच्या एका मशीनवर आतली अनेक युनिटं) बसवतो. तुमचं मशीन त्याचंच घरगुती भावंड, म्हणून लिहितो.

ब्रेकर बंद करा, स्टुलावर चढा, युनिटचं पुढचं झाकण उघडून फिल्टर काढा. कॉइलच्या, म्हणजे गॅस फिरतो त्या नळ्यांच्या, कडेला बारीक वायरच्या टोकाशी मिरीएवढा मणी दिसेल. तो थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, एवढंच त्याचं शहाणपण. तुमच्या बैठकीचं तापमान म्हणजे या मण्याच्या आजूबाजूचं तापमान. तो बसलाय सात फुटांवर, छताखाली, गरम कॉइलला खेटून. सासूबाईंची पावलं कुठे, हा कुठे! उंटावर बसून शेळ्या हाकतोय बिचारा.

त्यात हीटिंगमध्ये आणखी एक भर. सेट तापमान गाठलं की काही युनिटं पंखा पूर्ण थांबवतात. मग कॉइलची उरलेली ऊब तिथेच कोंडते, मणी त्यात शेकत राहतो आणि खाली खोली निवली तरी त्याला पत्ता नसतो. कंपन्यांनाही हे माहीत असतं. म्हणून बऱ्याच मशीनमध्ये हीटिंगपुरती भरपाई, म्हणजे मण्याच्या आकड्यातून दोन-चार अंश वजा धरणं, आधीच घातलेली असते, ती सेटिंगमधून कमी-जास्त करता येते. बसवणाऱ्याला विचारा, तुमच्याकडे ती किती ठेवली आहे. नव्वद टक्के वेळा तो म्हणेल, "कुठली भरपाई?"

थर्मोस्टॅट विकत घेण्याआधी खोलीत कुठे किती तापमान आहे ते मोजा. फुकटचं काम आहे.

सांडगी_मिरची | ११ जानेवारी, २२:४८

दोन हजार डॉलर!! त्यात सासूबाईंचं जाऊन-येऊन तिकीट आणि महाबळेश्वरला आठवडाभर मुक्काम होईल.

निळू_एडिसन | ११ जानेवारी, २३:१५

न्यू जर्सीतून लिहितो. आमचा हीट पंप डक्टवाला, खालचा मजला एक झोन आणि वरचा दुसरा, मध्ये डक्टमध्ये मोटरवर उघडमीट होणारे डॅम्पर, म्हणजे झडपा. तुमच्यापेक्षा वेगळा प्रकार, पण रोग त्याच घराण्यातला.

पहिल्या हिवाळ्यात वरचा थर्मोस्टॅट कायम दोन-तीन अंश कमी दाखवायचा. वर नुसती भट्टी. मुलं टी-शर्टवर, थर्मोस्टॅट मात्र म्हणतोय थंडी आहे, आणखी तापवा. बायको म्हणाली बदलून टाक. बदलला. नवाही तेच म्हणायला लागला!

शेवटी एका रविवारी पूजा झाल्यावर हातात उदबत्ती होती, सहज थर्मोस्टॅटच्या खाली धरली. सरळ वर जाणारा धूर डबीच्या कडेशी आला आणि एकदम माझ्या तोंडावर वळला. डबी काढली तर मागे वायरींसाठी पाडलेलं अंगठ्याएवढं भोक, आणि त्यातून पोकळ भिंतीतली थेट माळ्यावरून आलेली गार हवा सेन्सरच्या पाठीवर. घरात पुट्टी नव्हती म्हणून वातीचा कापूस कोंबला. दीड तासात थर्मोस्टॅट माणसात आला. कापूस अजून तिथेच आहे, दोन वर्षं झाली.

तेव्हा नवीन थर्मोस्टॅट लावलेच, तर जागा नीट निवडा. आतली भिंत, साधारण पाच फूट उंची, ऊन नको, टीव्हीची पाठ नको, दिवा नको. आणि मागचं भोक बुजवून घ्या.

फणसपोळी | १२ जानेवारी, ००:०५

उदबत्तीची युक्ती जबरदस्त. आत्ताच लावून पाहिली. थर्मोस्टॅट निर्दोष, खिडकी दोषी.

गोधडीवाला | १२ जानेवारी, ००:११

थर्मोस्टॅटची पूजा करणारा पहिला मराठी माणूस.

टेम्सकाठ | १२ जानेवारी, १४:०२

इकडे इंग्लंडात हीट पंप पाणी तापवतो आणि ते रेडिएटरमधून फिरतं. त्यामुळे माझा अनुभव थेट लागू होणार नाही, पण 'प्रत्येक खोलीला हवं ते तापमान' या वाक्याने माझा खिसा कसा कापला ते सांगतो.

सरकारचं ७५०० पौंडांचं अनुदान घेऊन मी गॅस बॉयलर काढला. सवय बॉयलरचीच. म्हणून प्रत्येक रेडिएटरवर ॲपवाला व्हॉल्व्ह. सकाळी न्हाणीघर, दिवसा माझी कामाची खोली, संध्याकाळी बैठक. अगदी काटकसरी माणूस! आणि पंप? पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, पुन्हा चालू. कारण एका खोलीचा रेडिएटर घेणार तो किती आणि पंप हळूतहळू चालला तरी देणार तो किती. ती उष्णता जायला जागाच नाही, पाणी झटकन तापतं, पंप थांबतो.

मग एका जाणत्या इंजिनिअरने सगळे व्हॉल्व्ह सताड उघडायला लावले. खोल्यांचे थर्मोस्टॅट वरच्या मर्यादेपुरते ठेवले आणि पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेवरून ठरू दिलं. बाहेर १० असेल तर पाणी ३२, बाहेर शून्य असेल तर ४०. आधी मी सरसकट ५० ला चालवत होतो. पंप आता दिवसभर संथ कुरकुरत असतो, आणि एक युनिट विजेमागे जिथे २.७ युनिट उष्णता मिळत होती तिथे ३.४ मिळते. मीटरवर रोज बघतो, बायको म्हणते शेअर बाजार लावलाय.

सांडगी_मिरची | १२ जानेवारी, १४:४०

@टेम्सकाठ, हे काही डोक्यात शिरत नाही. जी खोली वापरायची नाही ती तापवायची कशाला? आमच्या आईने आयुष्यभर "खोलीतून निघताना दिवा बंद" शिकवलं. तुम्ही म्हणता सगळीकडे दिवे लावा म्हणजे बिल कमी येईल.

टेम्सकाठ | १२ जानेवारी, १५:२६

दिव्याची उपमा इथे चालत नाही. दिवा बंद केला की शेजारच्या खोलीतला उजेड भिंतीतून आत शिरत नाही. उष्णता शिरते. आतल्या भिंतींना इन्सुलेशन नसतं, तेव्हा बंद खोली शेजारच्या खोल्यांमधून ऊब ओढतच राहते. त्या खोल्यांच्या रेडिएटरना मग आपलं आणि तिचं असं दोन्ही काम करावं लागतं. त्यासाठी पाणी जास्त गरम लागतं, आणि पाणी जितकं गरम तितका हीट पंप महाग. बॉयलरला ६० काय नि ७० काय, फारसा फरक पडत नव्हता. याला पडतो.

राईनतीर | १२ जानेवारी, १६:५०

टेम्सकाठ यांना अनुमोदन. जर्मनीत आमच्याकडे फरशीखाली नळ्या आहेत. नियमाने खोलीगणिक थर्मोस्टॅट दिलेत, मी सगळे पूर्ण वर फिरवून ठेवलेत आणि विसरलोय. प्रत्येक नळीतून किती पाणी जाईल ते एकदा बसून जुळवलं, तीन शनिवार गेले.

सेन्सर नसला तरी फरशी आपोआप सांभाळते, त्यामागचं गणित गंमतशीर आहे. पायाखालची फरशी २४, खोली २०, फरक ४. दुपारी ऊन आलं, खोली २२ झाली, फरक २. फरशीतून येणारी उष्णता आपोआप निम्मी. कुठला मणी नको, मोटर नको. पण हे फरशी कोमट असली तरच. ती ३५ ला तापवली तर दोन अंशांचं तिला काहीच वाटत नाही.

व्हीआरएफ_वाला | १२ जानेवारी, १८:१५

दोघांचंही पाण्याच्या सिस्टिमसाठी बरोबर. मात्र सांडगी_मिरची यांचं पूर्ण चूक म्हणू नका. ज्या घरात प्रत्येक खोलीचं बाहेरचं युनिट वेगळं आहे, तिथे एक बंद ठेवलं तर पैसे वाचतात, दार लावून घेतलं की झालं. मोठं घर, वेगळा मजला, महिनोन्महिने पाहुणा नाही, तर तोही चार-पाच अंश खाली ठेवा. पाइप गोठणार नाहीत एवढं बघा म्हणजे झालं.

ओसरीताईंची गोष्ट तिसरीच. एक बाहेर, चार आत. यात बंद केलेलं युनिट खऱ्या अर्थाने बंद नसतं! हीटिंगमध्ये त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटला, तर गरम वायू त्या कॉइलमध्ये जाऊन द्रव होऊन साचेल आणि बाकीच्या तिघांना गॅस कमी पडेल. म्हणून मशीन तो व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतं. पंखा बंद, पण कॉइल कोमट. छोटी खोली, दार बंद, आत एक माणूस. सासूबाईंची खोली ७८ होते ती यातूनच होत असावी.

व्हीआरएफ_वाला | १२ जानेवारी, १८:२२

एक राहिलं. दुसरी शक्यताही तपासून घ्या: वायर किंवा पाइपची अदलाबदल. बाणेरच्या एका ऑफिसात आम्ही गेलो तेव्हा दोन साहेबांमध्ये बोलणं बंद झालं होतं. एकाला गरम व्हायचं, तो तापमान कमी करायचा. गारठायचा शेजारचा. तो मग वाढवायचा आणि पहिला आणखी उकडायचा. वाढवा-कमी करा, वाढवा-कमी करा, तीन महिने! आम्ही येण्याआधी कुणीतरी मध्ये पार्टिशन टाकलं होतं आणि दोघांचे रिमोट एकमेकांच्या केबिनमध्ये गेले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. आम्ही दोन वायरी बदलल्या, दोघांनी चहा मागवला.

तपासणी सोपी. चारही बंद करा, एकच चालू करा, अर्धा तास थांबा. त्याच युनिटमधून गरम हवा येते का बघा.

चिंचपोकळी | १२ जानेवारी, १८:३०

हे आमच्या घरात पंख्याच्या बटणांचं आहे. बारा वर्षं झाली, अजून बैठकीतला पंखा लावायला गेलं की स्वयंपाकघरातला दिवा लागतो.

आजोबा_७४ | १२ जानेवारी, २०:४४

तरुण मंडळींनो, थोडं विषयांतर. मी १९७९ पासून विस्कॉन्सिनात आहे. खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचा उगम आमच्याच राज्यातला. व्हाइटवॉटर गावच्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. वर्गात थंडी आहे की उकाडा हे बघायला शिपाई शिकवण्याच्या मध्येच आत यायचा, मग तळघरात जाऊन भट्टीचे डॅम्पर हलवायचा. कंटाळून त्यांनी खोलीतल्या तापमानावर चालणारी विजेची घंटा केली, ती थेट तळघरात वाजायची. १८८३ चं पेटंट. पुढे १८९५ मध्ये दाबाखालच्या हवेवर चालणारी, प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं सांभाळणारी यंत्रणा. म्हणजे तुम्ही ज्यावर भांडताय ते झोनिंग सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

शिपाई मात्र एका बाबतीत श्रेष्ठ होता. तो मुलांच्या बाकाजवळ उभा राहून थंडी बघायचा, छताला लटकून नव्हे.

सांडगी_मिरची | १२ जानेवारी, २०:५१

आजोबा, शेवटच्या ओळीला दंडवत.

हिमगौरी | १३ जानेवारी, ०७:३५

मिनिआपोलिस. 'रात्री कमी करा, पैसे वाचवा' या सल्ल्यालाही जपून. आम्ही रात्री ६२ ला उतरवून सकाळी सहाला ७० मागायचो. थर्मोस्टॅट बघायचा, आठ अंश मागे आहे, एकट्या पंपाला जमणार नाही, आणि डक्टमधला विजेचा हीटर लावून द्यायचा. १० किलोवॅट! दीड तासात १५ युनिटं. तीच उष्णता पंपाने पाच-सहा युनिटांत दिली असती. आता रात्रीत दोनच अंश कमी करतो आणि हा हीटर बाहेर किती थंडी पडल्यावरच लागावा, ते बंधन सेटिंगमध्ये घातलंय.

गोधडीवाला | १३ जानेवारी, ०७:५०

मी रात्री शून्य युनिटात झोपतो. नावातच उपाय आहे.

ओसरी | १३ जानेवारी, २२:३०

सर्वांचे मनापासून आभार. व्हीआरएफदादांचं ऐकून मोजमाप केलं. सविस्तर लिहिते, कारण दोन दिवस घरातली तिघं याच कामाला जुंपली आहेत.

आधी लेकाने शाळेतलं डोकं लावलं: "आई, थर्मामीटर खरे आहेत कशावरून?" चार स्वस्तातले डिजिटल थर्मामीटर मागवले होते. रात्रभर चारही बुटांच्या खोक्यात एकत्र ठेवले. सकाळी तीन ६७ दाखवत होते, चौथा ६९. त्याच्या डोक्यावर 'दोन वजा' अशी चिठ्ठी चिकटवली. मग चौघांना फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्याला सेलोटेपने बांधलं: चार इंचांवर, दोन फुटांवर, चार फुटांवर आणि सात फुटांवर. दांडा सोफ्याशेजारी बादलीत उभा केला. सासूबाई म्हणाल्या, गुढी लवकर उभारली यंदा.

तासाभराने, रिमोटवर ७२ असताना: पायाशी ६३, मांडीशी ६६, डोक्याशी ६९, वर ७४.

मी बघतच राहिले. अकरा अंशांचा फरक! यंत्र खोटं बोलत नव्हतं, ते फक्त स्वतःच्या उंचीवरचं सांगत होतं. सासूबाईंना हे आकडे दाखवले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते हीट पंप लावल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं.

दुसरी तपासणी, एकच युनिट चालू ठेवायची. अदलाबदल नाही. ज्याचं त्याला मिळतंय. पण बैठकीतलं एकटं चालू असताना सासूबाईंच्या बंद युनिटच्या जाळीवर हात धरला तर कोमट लागला. म्हणजे दादांचं पहिलं निदान बरोबर.

आता एक विचारते. ऑनलाइन एक डबी मिळते, साठ-सत्तर डॉलरची, ती रिमोटची नक्कल करते आणि तिचा सेन्सर आपण हवा तिथे ठेवू शकतो. ती घेऊन सोफ्याजवळ ठेवली तर?

व्हीआरएफ_वाला | १४ जानेवारी, ०९:१०

लेकाला माझ्याकडे पाठवा, नोकरी पक्की.

ती डबी जरा विचार करून घ्या. इन्व्हर्टर मशीन सेट आणि खोलीचं तापमान यांतल्या फरकावरून आपला वेग ठरवतं. फरक मोठा तर जोरात, लहान तर संथ. त्या डब्या बहुतेक काय करतात, तर हवं ते तापमान आलं की बंद आणि घसरलं की चालू असे हुकूम सोडतात. संथ चालणं हीच ज्या मशीनची खरी कला, त्याला तुम्ही चालू-बंदचा जुना बॉयलर करून ठेवता. त्यापेक्षा कंपनीचाच, मशीनच्या बोर्डाशी बोलणारा भिंतीवरचा कंट्रोलर घ्या. तो मशीनला सांगतो, "खोली किती तापलीय ते तुझ्या मण्याला विचारू नकोस, मला विचार." वेग मशीनच ठरवतं. चार नकोत, बैठकीत एक पुरे. काहींच्या रिमोटमध्येच सेन्सर असतो, फक्त ते सुरू करावं लागतं. पुस्तिका उघडली आहे का कुणी?

त्याआधी फुकटचे उपाय: युनिटच्या तोंडाशी हवा वळवणाऱ्या पट्ट्या पूर्ण खाली करा, पंखा ऑटोवरून काढून चढता ठेवा. गरम हवा जमिनीपर्यंत ढकलायला जोर लागतो. आणि तिळगूळ घ्या.

निळू_एडिसन | १४ जानेवारी, ०९:४८

तिळगूळ घ्या, गोड बोला, थर्मोस्टॅटशीसुद्धा.

ओसरी, सोफा कुठे आहे? काचेच्या दाराजवळ असेल तर हवा ७० झाली तरी अंगाला गारच लागणार. गार काच शरीराची ऊब ओढून घेते, आणि कुठलाच थर्मोस्टॅट ते मोजत नाही. तो फक्त हवा बघतो.

आणि ज्यांचे डक्ट आहेत त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवतो: वरचा छोटा झोन एकटा उष्णता मागायला लागला की आमच्या डक्टमधून शिट्टी वाजायची आणि कडाक्याच्या थंडीत मशीन अधूनमधून बंद पडायचं. मशीनच्या एका टन क्षमतेमागे साधारण ४०० घनफूट हवा दर मिनिटाला वाहायला हवी. एक डॅम्पर पूर्ण मिटला तर तेवढी हवा जाणार कुठून? हवा अडली, कॉइलमधला दाब चढला, सेफ्टी स्विचने मशीन बंद पाडलं. पहिल्या कंत्राटदाराने बायपास डक्ट सुचवला, म्हणजे उरलेली गरम हवा पुन्हा मशीनच्याच तोंडात. आगीतून फुफाट्यात! दुसऱ्याने डॅम्पर कधीच पूर्ण मिटणार नाही असं केलं आणि पंख्याचा वेग झोनप्रमाणे उतरवला. शिट्टी गेली.

फणसपोळी | १४ जानेवारी, १०:३०

मी तीन खोल्यांत सेन्सर ठेवून थर्मोस्टॅटला सरासरी काढायला लावली आहे. एक खोली ६५, एक ७५, सरासरी ७०. ॲपमध्ये सगळं हिरवंगार. घरात दोघं नाराज.

टेम्सकाठ | १४ जानेवारी, १०:५२

@फणसपोळी, सेन्सर वाढवले म्हणजे झोन झाले असं नाही ना. तुमच्याकडे कान तीन आणि तोंड एकच आहे.

ओसरी | २४ जानेवारी, २०:१८

धागा वर काढते, राहिलेलं सांगायचंय.

पट्ट्या खाली आणि पंखा चढता. तेवढ्यानेच दुसऱ्या दिवशी मॉपचा दांडा म्हणाला: ६६, ६८, ६९, ७२. पायाशी तीन अंश वाढले, एक पैसा न लागता. आवाज थोडा वाढला, मालिका बघताना टीव्ही दोन घरं मोठा करावा लागतो.

सोफा खरंच काचेच्या सरकत्या दाराला पाठ लावून होता. निळूदादा, तुम्हाला कसं कळलं? ओढून आतल्या भिंतीशी नेला. दाराला जाड पडदा. माझ्या मते निम्मं काम याने झालं, पण हे मॉपला दाखवता येत नाही, सासूबाईंच्या मोज्यांवरून कळतं. आता एकच जोड असतो.

पुस्तिका उघडली. आमच्या रिमोटमध्ये सेन्सर नाही. बसवणाऱ्याला भरपाईचं विचारलं, तर तो खरंच म्हणाला, "कुठली भरपाई?" मग त्याने त्याच्या वरच्या माणसाला विचारलं, तो येऊन सेटिंग बदलून गेला, आणि बैठकीसाठी एक बिनवायरचा कंट्रोलर लावला. साधारण पाच फुटांवर, आतल्या भिंतीवर. उदबत्ती लावून बघितली, धूर सरळ.

आणि आकड्याचं वेड सोडलं. रिमोटवर ७१ असो की ७४, सोफ्यावर बरं वाटतंय ना एवढंच बघायचं.

सासूबाईंच्या खोलीचं काही करता येत नाही असं तोही माणूस म्हणाला, व्हॉल्व्ह तसाच राहणार. आम्ही दार उघडं ठेवायला सुचवलं, त्या म्हणाल्या लेकाच्या घोरण्याचा आवाज येतो. (त्यांच्या लेकाच्या. माझा नव्हे, म्हणजे माझाच, नवरा.) शेवटी त्यांनी आणि माझ्या मुलाने खोल्या बदलल्या. तो पठ्ठ्या ७८ मध्ये पांघरूण घेऊन झोपतो.

सांडगी_मिरची | २४ जानेवारी, २०:४०

म्हणजे दोन हजारांच्या जागी किती गेले?

ओसरी | २४ जानेवारी, २०:४४

साडेचारशे. अधिक थर्मामीटर, अधिक नवा मॉप. जुना मॉप लेक प्रयोगाला घेऊन गेला.

राईनतीर | २५ जानेवारी, ०१:१५

उन्हाळ्यात काय करणार? तेव्हा हाच मणी वरची गरम हवा बघून खाली सगळ्यांना गोठवेल.

व्हीआरएफ_वाला | २५ जानेवारी, ०८:५५

बरोबर. पण हीटिंगची भरपाई कूलिंगला लागू नसते, आणि बैठकीत आता भिंतीवरचा कंट्रोलर ऐकतोय, त्यामुळे तिथे अडचण नाही. बाकीच्या खोल्यांत पट्ट्या आडव्या करा, गार हवा आपली आपण खाली येते. आणि एक लक्षात ठेवा, चौघांचं बाहेरचं मशीन एकच, तेव्हा एका वेळी सगळ्यांना एकतर हीटिंग नाहीतर कूलिंग. मे महिन्यात एकाला हे आणि दुसऱ्याला ते, असं चालणार नाही.

ओसरी | २५ जानेवारी, ०९:३०

मे महिन्यात सासूबाई परत जातायत आणि माझी आई येतेय नागपूरहून. तिला ३० सेल्सिअसच्या खाली थंडी वाजते आणि नवऱ्याला २३ च्या वर उकडतं. नवीन धागा काढू की इथेच लिहू?

गोधडीवाला | २५ जानेवारी, ०९:३२

इथेच लिहा. माझं उत्तर तयार आहे.